एफएएलचं सरप्लस मॅगझिन घेताना नाव नाही, समोरचा दात पाहा

आधी प्रश्न सांगतो, उत्तर जरा लांबन, चहा घेऊन बसा. आमच्या बाजूच्या गावचा एक पोट्टा टेक्सासमध्ये राह्यते, ग्रीन कार्ड झालं त्याचं, तिकडे रानडुकरं मारायला परवानगी असते म्हणून त्यानं सेकंडहँड एक सेमी-ऑटोमॅटिक स्पोर्टिंग रायफल घेतली. एफएएल नावाच्या बेल्जियमच्या फौजी रायफलीच्या घराण्यातली, बटीला (खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाला) अंगठा घालायचं भोक असलेली, म्हणजे आपल्या फौजेच्या एसएलआर रायफलीची चुलत बहीण समजा. रायफलीसोबत एकच मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) आलं. मग त्यानं सरप्लसची, म्हणजे फौजेनं विकून टाकलेली, सहा मॅगझिनं मागवली, जाहिरातीत लिहिलं होतं एफएएल आणि एल१ए१ (तिचीच इंग्लंडवाली बहीण) दोन्हीसाठी. सहातली दोन बसली, चार बसतच नाहीत. आता तो विचारते की काका, समोरचा तुकडा कानशीनं थोडा घासला तर बसतीन का, आणि पुढं घ्यायची असली तर कोणती घेऊ.

मी फौजेत ईएमईत, म्हणजे दुरुस्तीवाल्या कोअरमध्ये, आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो, १९८१ ते २००५, त्यातली पंधरा-सोळा वर्षं निरा एसएलआरच हातात. कोतमधून (पलटणीच्या हत्यारखोलीतून) रायफली यायच्या, आम्ही खोलायचो, जोडायचो, गेज लावायचो, परत द्यायचो. आता आर्वी तालुक्यात वावर पाहतो, संत्र्याची दीडशे झाडं आहेत आणि तूर-पऱ्हाटी. पण पोट्टे विचारतात अजून, आणि खरं सांगू का, मलाही बरं वाटते.

तर पोट्ट्या, कानस खाली ठेव आधी. त्या चार मॅगझिनांत काही खराबी नाही आणि तुझ्या रायफलीतही नाही, ती एकमेकांची नाहीतच.

आपल्या इकडची गोष्ट घे. पुलगावला मुंबई-नागपूरची ब्रॉडगेज आहे आणि तिथूनच आर्वीला छोटी गाडी यायची, नॅरोगेज. दोन्ही रेल्वेच, दोन्हीला रूळ, दोन्हीला डबे, स्टेशनचं नावही एक. पण मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळावर चढवतो म्हटलं तर चढन का? आणि चढत नाही म्हणून कोणी चाकं कापते का? (गंमत म्हणजे त्या छोट्या लाइनचं माप अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलीमीटर, आणि आपल्या एसएलआरची गोळी ७.६२. आमच्या वर्कशॉपमध्ये मी हे सांगितलं की सगळे हसायचे, आर्वीवाला आला म्हणायचे.)

एफएएल मुळात बेल्जियमची, एफएन कंपनीची, दियुदोने सेव्ह नावाच्या माणसानं डिझाइन केलेली, १९५० च्या दशकात आली आणि नव्वदच्या वर देशांच्या फौजांनी वापरली. बेल्जियमनं बनवली ती मिलीमीटरच्या मापात. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा यांनी तीच रायफल घेतली पण ड्रॉइंग इंचात उतरवले, आणि उतरवता उतरवता बऱ्याच जागी आपल्या मनानं बदल केले. त्यातूनच इंग्लंडची एल१ए१ झाली. आपल्या ईशापूरच्या कारखान्यानं १९६२ च्या चीन लढाईनंतर जी १ए१ काढली, जिला आपण एसएलआर म्हणतो, ती दिसायला इंग्लंडवाल्या बहिणीसारखी पण पार्ट धड पूर्ण इकडचे नाहीत ना तिकडचे, म्हणून बाहेरची एसएलआर पाहून कोणी म्हणालं की सगळं एकच आहे तर मी लगेच मान्य करत नाही. तर जगात हे दोन गोत्र आहेत, मेट्रिक आणि इंची, आणि मॅगझिन घेताना पहिला प्रश्न गोत्राचा. नाव, देश, रंग, भाव, हे सगळं नंतर.

ओळखायला मायक्रोमीटर लागत नाही, डोळे पुरेत. मॅगझिन हातात घे, ज्या बाजूला गोळीचं टोक राह्यते ती समोरची बाजू. त्या बाजूला वरच्या अंगाला एक दात असते, जो रायफलीच्या खाचेत अडकते. मेट्रिक मॅगझिनला हा दात म्हणजे त्याच पत्र्याला ठोकून बाहेर काढलेला छोटासा उंचवटा, नखाएवढा. इंचीला वेगळा जाड लोखंडी तुकडा घडवून वरून पितळेच्या जोडानं चिकटवलेला राह्यते, मोठा, चौकट, बोटाला ठसठशीत लागते. अंधारात बोट फिरवूनही सांगता येते. तू पाठवलेल्या फोटोत चारही मॅगझिनांना तो जाडा दात आहे. दोघांना नाही. झालं उत्तर.

आता तू म्हणशील, काका माझ्या रायफलीचा हँडगार्ड तर इंग्लिश आहे, कॅरिंग हँडलही तसाच, मग इंची मॅगझिन काहून नाही बसत. इथंच लय लोक फसतात. अमेरिकेत ज्या स्पोर्टर रायफली विकल्या गेल्या त्यातल्या कितीतरी जुन्या फौजी रायफलींचे सुटे पार्ट घेऊन नवीन रिसीव्हरवर जोडलेल्या आहेत. पार्टचा किट इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा आणि रिसीव्हर मेट्रिक, असं लग्न तिकडे सर्रास लागलेलं आहे. मॅगझिन काही हँडगार्डमध्ये बसत नाही, ते बसते रिसीव्हरमध्ये (फौजेत आम्ही त्याला बॉडी म्हणायचो). म्हणून मॅगझिन काढ, रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या तोंडाशी गोळी बसते तिथं) बोट घालून पाहा, मग रायफल उलटी करून मॅगझिनच्या विहिरीत समोरच्या भिंतीवर टॉर्च मार. छोटी बारीक खाच असन तर मेट्रिक, मोठा चौकोनी गाळा कापलेला असन तर इंची. बटीवर, ग्रिपवर, शिक्क्यावर जाऊ नको, नवरदेवाचा कोट पाहून घराणं ठरवायचं नसते.

परवा तू व्हिडिओ कॉलवर मॅगझिन लावून दाखवलं ना, तेव्हा मी खळ्यावर होतो, मागं मळणीयंत्र चालू होतं, चित्र अंधुकच होतं पण आवाज ऐकला. चांगल्या मॅगझिनचा आवाज "खट्" असा एकच येते, कोरडा. तुझ्या त्या चारांचा "कट्-कर्र" असा आला, म्हणजे दात खाचेत न जाता काठावर घासून राहिला. आणि आणखी एक पाहिलं, तू मॅगझिन सरळ वर ढकलतोस, पिस्तुलासारखं. एफएएलला असं नाही. पुढचा दात आधी खाचेत अडकवायचा, मॅगझिन थोडं तिरपं धरून, आणि मग मागचा भाग वर मागं ओढून झुलवत आणायचा की मागचा कॅच पकडते. दाराचा आधी बिजागरीचा भाग बसवून मग कडी लावतो तसं. लावल्यावर खाली ओढून पाहायचं, हे कधीच सोडायचं नाही. आमच्याकडे नवीन जवानाचं मॅगझिन रेंजवर पहिल्या फायरला पायावर पडायचं ते याच्यामुळंच, कॅच पकडलेला नसायचा, नुसतं घर्षणानं लटकलेलं.

कानशीचं का नाही म्हणतो ते सांगतो. लोक घासतात, मला माहीत आहे, तिकडेही घासतात. पण तो दात म्हणजे अख्ख्या मॅगझिनचा टेकू आहे. बोल्ट मागं जाऊन पुढं येते तेव्हा वरची गोळी त्याच्यासमोर ठराविक उंचीला, ठराविक कोनात पाहिजे. दात अर्धा मिलीमीटर जास्त घासला की मॅगझिनचं नाक खाली झुकते, गोळीचं टोक चेंबरच्या तोंडाला न जाता खालच्या उतारावर आपटते. मग तू म्हणणार रायफल खराब. आणि ते इंची मॅगझिन ज्याच्याकडे खरी इंची रायफल आहे त्याच्या कामाचं होतं, तेही तू बिघडवलं. रिसीव्हरला कानस लावायची गोष्ट तर काढूच नको, मॅगझिन हजार मिळतीन, रिसीव्हर म्हणजे कायद्यानं तीच रायफल.

उलटं प्रकरण थोडं वेगळं आहे, तुझ्या कामाचं नाही पण वाचणाऱ्याच्या असू शकते. मेट्रिक मॅगझिन इंची रायफलीत जाते. छोटा दात मोठ्या गाळ्यात जाणारच ना. पण ढिलं बसते, पुढंमागं खुळखुळते, काहींमध्ये चालून जाते, काहींमध्ये पाचव्या-सहाव्या फायरला रोके (गोळी अडणं) सुरू. बसलं म्हणजे जमलं असं नाही.

याच्यावरून एक आठवलं. आपल्या फौजेत ७.६२ ची एलएमजी (हलकी मशीनगन) होती, जुन्या ब्रेन मशीनगनचीच सुधारलेली, तिचं ३० गोळ्यांचं वाकडं मॅगझिन वरून लागते. एक जवान होता, पंजाबकडचा, अंगानं तगडा, त्यानं कुठूनतरी ते मॅगझिन एसएलआरला खालून लावलं. लागलं! मोठ्या ऐटीत दाखवत फिरला, २० च्या जागी ३०. रेंजवर पहिल्या काही गोळ्या छान गेल्या आणि मग बोल्ट रिकामाच पुढं जायला लागला, गोळी वर चढेचना. कारण सोपं आहे, एलएमजीत मॅगझिन वर असते, गोळ्या आपल्या वजनानंच खाली येतात, म्हणून स्प्रिंगला जोर कमी ठेवलेला. तेच मॅगझिन खाली लावलं की त्याच बिचाऱ्या स्प्रिंगला सगळा गठ्ठा वर उचलावा लागते. सुभेदारसाहेबांनी त्याला ते मॅगझिन गळ्यात बांधून मैदानाला चकरा मारायला लावल्या, ती वेगळी गोष्ट. पण तिकडच्या सरप्लस बाजारात ही एल४ ब्रेनची (इंग्लंडच्या अशाच ७.६२ वाल्या ब्रेनची) ३० वाली मॅगझिनं "एल१ए१ ला लागते" म्हणून विकतात, आणि खोटंही बोलत नाहीत, लागतेच. चालन की नाही हे सांगत नाहीत.

बरं, सरप्लस म्हणजे काय हे पण डोक्यात साफ ठेव. सरप्लस म्हणजे एखाद्या फौजेनं रायफल बदलली आणि स्टोअरमधला माल विकला. त्यात पेटीतून न निघालेलं कोरं मॅगझिनही येते आणि वीस वर्षं ट्रेनिंग सेंटरमध्ये रोज आपटलेलंही येते, दोघांवर ग्रीसचा तोच पिवळा थर. फौज माल बदलते तेव्हा चांगला आधी विकते की वाईट आधी, हे तुला कोणी सांगणार नाही. म्हणून माझा नियम, दहाचा गठ्ठा कितीही स्वस्त दिसो, आधी एक घ्यायचं. विकणाऱ्याला समोरच्या दाताचा आणि वरच्या ओठांचा फोटो मागायचा. जाहिरातीतला एका बाजूनं काढलेला फोटो कामाचा नाही, बाजूनं दाताचा फरक नवख्याला नीट कळत नाही. तू तिथंच चुकला.

हातात आल्यावर सगळ्यात आधी ओठ पाहा, म्हणजे वरून पत्रा आत वळलेला असते आणि गोळीला धरून ठेवते ते दोन काठ. मॅगझिनचा जीव तिथं आहे. एक काठ वर आणि एक खाली असा आहे का, कुठं चीर गेली का, विशेषतः मागच्या कोपऱ्यात, कुठं आपटून आत दबला का. तुझ्याजवळ जे मूळ मॅगझिन आहे, जे चांगलं चालते, ते बाजूला ठेवून दोन्हीवर एकेक डमी (दारू नसलेली) गोळी बसवून डोळ्याच्या रेषेत धर. दोघींची टोकं एका उंचीला पाहिजे. एकीचं टोक आभाळाकडे आणि एकीचं जमिनीकडे असलं तर ते मॅगझिन परत पाठव. पक्कडनं ओठ वाकवायचे नाहीत. आम्ही वर्कशॉपमध्ये करायचो पण गेज लावून करायचो, आणि तरी त्यातले अर्धे परत यायचे.

मग अंगावरचे पोचे. बाहेरून छोटा दिसणारा पोचा आतून प्लॅटफॉर्मला अडवते (तिकडे फॉलोअर म्हणतात, ज्याच्यावर गोळ्या टेकतात तो). बोटानं प्लॅटफॉर्म तळापर्यंत दाब आणि हळूहळू सोड. कुठं अडकून मग उडी मारून वर आला तर तिथं पोचा नाहीतर जंग आहे. एका बाजूनं तिरपा होते का तेही पाहा. स्प्रिंगबद्दल लोक लय घाबरतात, की पन्नास वर्षांची स्प्रिंग थकली असन. तशी नुसती पडून राहून स्प्रिंग फारशी मरत नाही, हजारदा दाब-सोड होऊन थकते आणि जंगानं मरते. आणि स्प्रिंग म्हणजे सगळ्यात स्वस्त वस्तू, नवीन मिळते, बदलून टाकायची. बॉडीचा पत्रा चांगला आणि स्प्रिंग थकलेली, हा सौदा चांगला. नवी स्प्रिंग आणि ओठ फाटलेले, हा सौदा कचऱ्याचा.

साफ करायला काही विलायती नको. खालची तळपट्टी सरकवून काढ, सावकाश, आतली स्प्रिंग डोळ्यावर येते, चष्मा लाव. स्प्रिंग कोणत्या तोंडानं होती त्याचा मोबाइलनं फोटो काढून ठेव, उलटी बसवली की प्लॅटफॉर्म नाक खाली घालते आणि मग तू आठ दिवस मला फोन करशील. रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये रात्रभर बुडव, ग्रीस लोण्यासारखं निघते. चिंदीनं पुसून, गरम पाण्यानं धुऊन, उन्हात कडक वाळव. आतून तेल लावायचं नाही. बाहेरून तेलाचा हात फिरवला तर पुरे. आत तेल म्हणजे धूळ, आणि धुळीची लापशी झाली की मॅगझिन गेलं. आमचा एक उस्ताद म्हणायचा, मॅगझिनला तेल म्हणजे ढोराला साखर, आवडते खूप पण पोट बिघडते.

चाचणी घेताना घाई नको. पहिले डमी गोळ्या, हातानं बोल्ट ओढून, पाचेक. मग रेंजवर दोन जिवंत, मग पाच, मग भरून. प्रत्येक मॅगझिनला पेंटनं नंबर टाक, १, २, ३, आणि कोणत्या नंबरला कितव्या गोळीला काय झालं ते वहीत लिही. हे आळसानं लोक करत नाहीत आणि मग वर्षभर रायफलीला शिव्या देतात. एकाच नंबरला रोके येत असन तर मॅगझिन दोषी, सगळ्यांना येत असन तर रायफल. पहिल्याच एक-दोन गोळ्यांना अडलं तर बहुतेक ठासून भरलेलं आहे किंवा ओठ आवळलेले, २० च्या जागी १८ भरून पाहा, आम्ही तसंच भरायचो. शेवटच्या तीन-चारला अडलं तर स्प्रिंग. आणि मेट्रिक रायफलीत शेवटची गोळी गेल्यावर बोल्ट मागं थांबायला पाहिजे, प्लॅटफॉर्मनं खटका वर उचलून. एखाद्याच मॅगझिनवर थांबत नसन तर त्याच मॅगझिनचा प्लॅटफॉर्म घासलेला नाहीतर स्प्रिंग ढिली.

सगळ्याच मॅगझिनांवर थांबत नसन तर मॅगझिनं विकायला काढू नको, गॅस पाहा (गोळीच्या दारूचा वायू, जो बोल्टला मागं ढकलते). एफएएलला नळीवर गॅस रेग्युलेटरची रिंग राह्यते. मॅगझिनमध्ये एकच गोळी भरायची, फायर करायची, बोल्ट मागं थांबला का पाहायचं. नाही थांबला तर रिंग फिरवून गॅस एकेक खटका वाढवत जायचं, थांबायला लागला की तिथून आणखी दोन खटके वाढवून सोडून द्यायचं. निम्म्या वेळा ज्याला लोक मॅगझिनचा दोष म्हणतात तो गॅस कमी असल्याचा दोष असते, बोल्ट पुरता मागं गेलाच नाही तर गोळी उचलणार कशी.

तू डुकरांसाठी घेतली म्हणून एक वेगळं. डुकराला मारायला तू नरम टोकाची गोळी वापरणार, पण ही रायफल आणि ही मॅगझिनं घडली फौजी गोळीसाठी, तांब्याचं पूर्ण कवच असलेल्या टोकदार. उघड्या शिशाचं टोक कधीकधी उतारावर आपटून चेपते नाहीतर अडते. म्हणून चाचणी त्याच गोळीनं घे जी शिकारीला वापरणार, स्वस्त गोळीनं चाचणी घेऊन मग ऐन वेळी दुसरी भरायची नाही. आणि डुकराला २० चं मॅगझिन कशाला? एफएएलसाठी ५ आणि १० ची आखूड मॅगझिनं पण येतात. लोळून नाहीतर धुऱ्यावर टेकवून नेम धरताना लांब मॅगझिन जमिनीला लागते. तिसऱ्या गोळीपर्यंत कळप धुऱ्यापार गेलेला असते, इथलं डूक्कर तसं आणि तिथलंही तसंच असन. फरक एवढाच की टेक्सासमध्ये २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीनं रानडुक्कर मारायला शिकारीचं लायसन्सही लागत नाही, आणि आमच्याकडे मी या वर्षी तूर सोंगेपर्यंत माचणावर जागल केली, डबे वाजवत, फटाके फोडत.

बाकीच्या घराण्यांचं दोन शब्दांत, कारण विचारतातच. जी३ घराण्याला स्टीलची आणि ॲल्युमिनियमची अशी दोन्ही सरप्लस मॅगझिनं मिळतात, ॲल्युमिनियमची हलकी पण ओठ लवकर चेपतात. अमेरिकेच्या जुन्या एम१ कार्बाइनला १५ चं मॅगझिन कोणत्याही कॅचवर चालते, ३० च्या वजनाला नंतरच्या पद्धतीचा कॅच पाहिजे. आणि रशियाहून सायगा नावानं ज्या एके-सारख्या स्पोर्टिंग रायफली आल्या त्यात फौजी एकेचं मॅगझिन तसंच लावून चालत नाही, आतली घडणच वेगळी ठेवली होती, तिथं त्या रायफलीचंच मॅगझिन घ्यायचं. नाव सारखं आणि काम वेगळं, सगळीकडे हेच रडगाणं.

आता कायदा, हे वाचायला कंटाळा येईल पण वाच. तू ग्रीन कार्डवाला आहेस म्हणून ठीक. तुझ्यासोबतचे जे पोट्टे एच-१बी वर आहेत त्यांनी तुझी पाहून बंदूक घ्यायला धावू नये, त्या व्हिसावर बंदूकही आणि गोळ्याही बाळगता येत नाहीत, शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून. तुझ्या रायफलीपुरतं महत्त्वाचं म्हणजे तिकडच्या देशभराच्या बंदूक कायद्यातलं कलम ९२२ चं आर पोटकलम. परदेशी पार्ट जोडून अशी सेमी-ऑटोमॅटिक रायफल तयार करायची तर ठरलेल्या २० पार्टांच्या यादीतले १० पेक्षा जास्त परदेशी चालत नाहीत, आणि त्या यादीत मॅगझिनची बॉडी, फॉलोअर आणि तळपट्टी हे तीन वेगवेगळे मोजतात. म्हणजे ज्यानं ही रायफल जोडली त्यानं अमेरिकन मॅगझिन धरून हिशोब जुळवला असन आणि तू त्यात परदेशी सरप्लस लावलं तर तीन पार्ट एका झटक्यात इकडून तिकडं. म्हणून ज्या डीलरकडून घेतली त्याला विचारून पार्टांची यादी लिहून घे. कमी पडत असन तर सरप्लस बॉडीत अमेरिकन बनावटीचा फॉलोअर आणि तळपट्टी टाकतात लोक, तो सरळ मार्ग आहे. १९९४ ते २००४ तिकडे दहा गोळ्यांच्या वरच्या नवीन मॅगझिनांवर देशभर बंदी होती, ती संपली, पण राज्यांची आपापली आहे, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये १०, कोलोरॅडोत १५. टेक्सासमध्ये मर्यादा नाही, पण गाडीत टाकून दुसऱ्या राज्यात शिकारीला जाशील तर आधी पाहून जा.

आणि दिवाळीला येताना बॅगेत एकही मॅगझिन आणू नको. रिकामंही नाही. तू फोनवर म्हणाला ना, काका एक तुम्हाला दाखवायला आणतो, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात "शस्त्र" या शब्दातच शस्त्राचे भाग येतात, आणि ७.६२ ची सेमी-ऑटोमॅटिक रायफल साध्या माणसाला मिळणाऱ्या लायसन्सच्या बाहेरची, प्रोहिबिटेड. गेल्या साली एक शेतकरी माझ्याकडे आला, लायसन्सवाला, आजोबांची .३१५ ची स्पोर्टिंग रायफल, बोल्ट ॲक्शन. मॅगझिनची स्प्रिंग गेलेली. म्हणते कबाड्याकडं एसएलआरचं मॅगझिन पाहिलं, ते बसवून देता का. मी त्याला खाटेवर बसवला, पाणी दिलं आणि म्हटलं भाऊ, पहिली गोष्ट ते बसत नाही, गोळी वेगळी, माप वेगळं. दुसरी गोष्ट, इथून गडचिरोली काही चंद्रावर नाही. घरात एसएलआरचं मॅगझिन सापडलं तर तुला स्प्रिंगचं कारण सांगायला कोण वेळ देईन? त्याला लायसन्स घेऊन अमरावतीच्या परवानाधारक दुकानात पाठवलं, तिथं त्याच्या रायफलीची स्प्रिंग मिळाली. कबाड्याकडे ते मॅगझिन कुठून आलं हे मी विचारलं नाही, पण त्याला निरोप पाठवला की ठाण्यात जमा कर. केलं की नाही देव जाणे.

तर तुझ्या त्या चार मॅगझिनांचं असं कर. साफ कर, दाताचा जवळून फोटो काढ, "इंची, एल१ए१" असं स्पष्ट लिहून विक. तिकडे खऱ्या इंची रायफलवाले ते शोधतच असतात, तुझे पैसे निघतीन, कदाचित वर दोन डॉलर सुटतीन. बसलेल्या दोनपैकी जे तू दोन नंबरचं म्हणतोस, ज्याच्यात तेराव्या गोळीला अडलं, त्याला आतून टॉर्च मारून पाहा, फोटोत मला उजव्या बाजूला मध्यात एक पोचा दिसते, तिथंच प्लॅटफॉर्म तिरपा होत असन. आणि गॅसचं झालं की व्हिडिओ पाठव, पण आवाजासहित, आणि रात्री नऊनंतर, आठ ते नऊ आमच्याकडे लाइन राहत नाही.